विश्वासू कारभारी विल्यम केरी

विश्वासूपणाविषयी आपल्या मंडळ्यांत पुष्कळदा उपदेश होतो. तो ऐकताना आपल्या मनापुढे बहुधा छळ सोसणारे साक्षीदार उभे राहतात. कोणी सिंहांपुढे टाकला गेला, कोणी खांबाला बांधून जाळला गेला, तरी त्याने प्रभूला नाकारले नाही. असे विश्वासूपण थोर आहे ह्यात शंका नाही. परंतु आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला असा एकच मोठा दिवस येत नाही. हजारो लहान दिवस येतात. एखादा उपदेशक एका खेड्यात दहा वर्षे राहतो, पावसाळ्यात चिखल तुडवीत शेजारच्या वाडीला जातो, रात्री कंदिलाच्या उजेडात पाचसात मुलांना अक्षरे शिकवितो, आणि दहा वर्षांनी पाहू जाता बाप्तिस्म्याच्या वहीत दोनच कुटुंबांची नावे असतात. मग तो मनात म्हणतो, माझे श्रम व्यर्थ गेले काय? देवाने मला नाकारले काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर प्रभूने चाकरांच्या दाखल्यात देऊन ठेविले आहे. पाच हजार मिळविणाऱ्याला धन्याने जी शाबासकी दिली, तीच दोन हजार मिळविणाऱ्याला दिली. हिशेब कमाईचा झाला नाही, विश्वासूपणाचा झाला. ही गोष्ट ज्याच्या आयुष्यात डोळ्यांनी पाहता येते असा एक पुरुष ह्याच देशात चाळीस वर्षांवर राहिला आणि येथल्याच मातीत निजला. त्याचे नाव विल्यम केरी. लोक त्याला मोठा भाषापंडित म्हणून ओळखतात, परंतु विद्वत्ता ही त्याच्या हातचे हत्यार होती. मूळ काही निराळे होते.

विल्यमचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडातील नॉर्दॅम्प्टनशर परगण्यात पॉलर्सपरी ह्या खेड्यात झाला. त्याचा बाप एडमंड हातमागावर कापड विणीत असे. विल्यम सहा वर्षांचा असता त्याला गावच्या शाळेची मास्तरकी आणि चर्चमधील कारकुनी मिळाली. घरात खाण्यापुरते होते, उरत काही नव्हते. मुलाला शेतावर मजुरीस घालावे तर उन्हात काम करताच त्याच्या अंगावर त्वचेचा विकार उठे. म्हणून चौदाव्या वर्षाच्या सुमारास बापाने त्याला पिडिंग्टन गावी क्लार्क निकल्स नावाच्या जोडे शिवणाऱ्याच्या हाताखाली उमेदवार ठेविले. ज्या हातांनी पुढे पवित्र शास्त्राची भाषांतरे लिहिली, त्या हातांनी आधी आरी आणि रापी धरली होती. ह्याची केरीला कधीही लाज वाटली नाही. पुढे एका मोठ्या मेजवानीत कोणी सरदाराने त्यांना खिजविण्यासाठी विचारले की हे पूर्वी जोडे बनवीत होते ना, तेव्हा त्यांनी शांतपणे त्यास दुरुस्त केले की नवे जोडे बनविणारा नव्हे, जुने जोडे सांधणारा.

त्या दुकानात असताना एक लहानशी गोष्ट घडली. इंग्लंडात नाताळच्या दिवसांत उमेदवार मुले गिऱ्हाइकांकडून पोस्त मागत. एका लोखंडसामान विकणाऱ्याने विल्यमच्या हातावर एक शिलिंग ठेविला. मुलगा हरखून बाजारात गेला, तेव्हा कळले की नाणे खोटे आहे. त्याच्याजवळ धन्याचेही पैसे होते. त्याने धन्याचा खरा शिलिंग आपल्यासाठी ठेविला आणि खोटा त्याच्या जागी घातला. धनी विचारील तर मला हाच मिळाला असे सांगावे, असे मनाशी ठरविले. वाटेत त्याने देवाची प्रार्थना सुद्धा केली की एवढ्या वेळी मला निभावून ने, पुन्हा असे करणार नाही. देवाने त्याला निभावून नेले नाही. धन्याने चौकशी केली, लबाडी उघडी पडली, आणि मुलाची अशी फजिती झाली की रस्त्यात माणसांच्या नजरेला नजर देणे त्याला जड झाले.

वाचकहो, ह्या गोष्टीवर क्षणभर थांबा. एक शिलिंग म्हणजे काही फार मोठे धन नव्हे. परंतु विल्यमला त्या दिवशी कळले की आपल्या अंतःकरणात लबाडी आहे आणि ती झाकण्यासाठी आपण देवालाही साक्षीस बोलावू शकतो. तोपर्यंत आपण चांगल्या घरचे, चर्चला जाणारे, असा त्याला अभिमान होता, तो मोडला. त्याच दुकानात जॉन वॉर नावाचा दुसरा उमेदवार होता. तो विल्यमशी वाद करी, त्याला पुस्तके वाचावयास देई, आणि त्याच्यासाठी प्रार्थना करी. हळूहळू विल्यमने आपले पाप ओळखून तारणाऱ्याचे पाय धरले. १७८३ मध्ये त्याने नेन नदीत बाप्तिस्मा घेतला. ज्याने एका शिलिंगाविषयी अविश्वासूपणा केला, त्याच्या हातून पुढे लाखो रुपये गेले आणि त्यांतील एकही त्याच्या हाताला चिकटला नाही. कृपेचे काम असे असते.

१७८१ मध्ये वीस वर्षांचेही वय झाले नसता केरींनी डॉरथी प्लॅकेट हिच्याशी लग्न केले. ती त्यांच्याहून वयाने काही वर्षे मोठी होती आणि तिला लिहिता येत नव्हते. लग्नाच्या नोंदवहीत तिने सहीच्या जागी फुली केली. त्यांची पहिली मुलगी लहानपणीच तापाने गेली. पुढे मोल्टन गावी केरी एका लहान मंडळीचे पाळक झाले. पगार इतका थोडा की जोडे शिवणे आणि शाळा चालविणे हीही कामे त्यांना करावी लागत. काम करता करता समोर पुस्तक उघडे असे. अशा रीतीने लॅटिन, ग्रीक, इब्री, डच आणि फ्रेंच ह्या भाषा त्यांनी आपल्या आपण साध्य केल्या. भिंतीवर त्यांनी कागद चिकटवून जगाचा मोठा नकाशा केला होता. कोणत्या देशात किती लोक आहेत, त्यांचा धर्म कोणता, हे त्यांनी त्यावर लिहून ठेविले होते. जोड्याला टाका घालताना डोळे वर गेले की समोर सारे जग दिसे, आणि त्यातील बहुतेक लोकांस ख्रिस्ताचे नावही ठाऊक नाही हे दिसे.

त्या काळी पुष्कळ पाळकांचे मत असे होते की सर्व राष्ट्रांस शिष्य करण्याची आज्ञा केवळ प्रेषितांस होती. केरींना ते पटेना. धन्याने आज्ञा मागे घेतली असे शास्त्रात कोठे दिसत नाही, तर ती चाकरांवर अजून आहे, एवढे साधे त्यांचे म्हणणे होते. १७९२ मध्ये त्यांनी ह्या विषयावर एक लहान पुस्तक छापिले, मे महिन्यात नॉटिंगम येथे यशयाच्या चोपन्नाव्या अध्यायावर उपदेश केला, आणि २ ऑक्टोबर रोजी केटरिंग येथे एका विधवेच्या घरात थोडे पाळक जमून त्यांनी बाप्टिस्ट मिशनरी संस्था स्थापिली. त्या दिवशी एकंदर १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स एवढी वर्गणी कबूल झाली. देणारे सारे गरीब होते.

आता येथे चरित्राचा कठीण भाग येतो, आणि तो लपविणे बरे नाही. केरींनी हिंदुस्थानास जाण्याचे ठरविले तेव्हा डॉरथी गरोदर होती. पाच महिन्यांचा समुद्रप्रवास आणि अनोळखी देश ह्यांची तिला भीती वाटली, आणि तिने नकार दिला. केरी थोरल्या मुलाला, फेलिक्सला, घेऊन निघाले. परंतु परवान्यावाचून मिशनऱ्यांस नेणे कंपनीच्या नियमाविरुद्ध होते, म्हणून जहाजावरून त्यांना उतरविण्यात आले. ह्या खोळंब्यात डॉरथी बाळंत झाली होती. केरी आणि त्यांचे सोबती डॉक्टर टॉमस परत तिच्याकडे गेले, आणि फार आग्रहाने, बहीण बरोबर येत असेल तर, ह्या अटीवर ती तयार झाली. १३ जून १७९३ रोजी एका डॅनिश जहाजात बसून ते निघाले आणि नोव्हेंबरात कलकत्त्यास पोहोचले. केरी पुन्हा कधी इंग्लंडास गेले नाहीत.

पहिली वर्षे फार हालाची गेली. पैसा संपला, कंपनी सरकारचा आश्रय नाही, सुंदरबनाच्या रानाजवळ झोपडी बांधून राहण्याची वेळ आली. १७९४ मध्ये एका इंग्रज गृहस्थाने मदनाबाटी येथे आपल्या निळीच्या कारखान्यावर त्यांना नोकरी दिली. तेथून पगार मिळू लागताच केरींनी संस्थेस कळविले की माझ्या निर्वाहासाठी आता पैसे पाठवू नयेत, ते दुसऱ्या कामी लावावेत. ह्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आमांशाने मरण पावला. जातीचा आणि विटाळाचा धाक इतका की लेकराचा खड्डा खणावयास आणि प्रेत न्यावयास माणूस मिळेना. फार कष्टाने थोडे लोक मिळाले. आपल्यापैकी ज्यांनी बाप्तिस्म्यानंतर गावाचा बहिष्कार सोसला आहे, त्यांना ह्या दुःखाची चव ठाऊक आहे.

ह्या मृत्यूनंतर डॉरथीचे मन ढळले. तिला भ्रम होऊ लागले; नवरा आपल्याला फसवीत आहे असे तिला वाटे, आणि ती रस्त्यात लोकांपुढे त्यांच्यावर ओरडत असे. १७९५ पासून १८०७ मध्ये तिच्या मरणापर्यंत, बारा वर्षे, ही स्थिती राहिली. पुढेपुढे तिला खोलीत बंद ठेवावे लागे. तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे असा सल्ला मित्रांनी दिला, परंतु त्या काळी अशा ठिकाणी रोग्यांचे फार हाल होत म्हणून केरींनी तो मानिला नाही. शेजारच्या खोलीत तिचा आक्रोश चालू असता ते भाषांतर करीत बसत. आज मागे वळून पाहताना आपण म्हणू शकतो की जी स्त्री मनाने तयार नव्हती तिच्यावर त्यांनी तिच्या शक्तीपलीकडचा भार घातला, आणि तिच्या एकटेपणाकडे पुरेसे लक्ष दिले नाही. हे खरे आहे. प्रभूच्या कामाच्या भरात घरच्या माणसाचे मन न पाहण्याची चूक आजही पुष्कळ उपदेशकांकडून होते, म्हणून हे सांगणे जरूर आहे. तथापि लग्नात दिलेले वचन मात्र त्यांनी मोडले नाही. विश्वासूपणा हा केवळ व्यासपीठावर दिसत नाही. ज्या घरातून आभाराचा एक शब्दही परत येत नाही त्या घरात तो दिसतो.

सात वर्षे गेली. ह्या सात वर्षांत केरींनी बंगाली भाषा शिकून नव्या कराराचे भाषांतर केले, संस्कृत शिकावयास आरंभ केला, आसपासच्या गावांतून उपदेश केला, कारखान्याजवळ शाळा काढली. एक लाकडी छापयंत्र मिळाले. ते पाहावयास आलेले लोक त्यास साहेबाचा देव म्हणत. परंतु ह्या देशचा एकही मनुष्य ख्रिस्ताकडे आला नाही. इंग्लंडास पत्र लिहावे तर लिहावयास फळ नाही. दुसरा कोणी असता तर परत गेला असता. केरी आपल्या कामात राहिले.

जानेवारी १८०० मध्ये ते सेरामपूर येथे राहावयास गेले. हे गाव कलकत्त्याजवळ हुगळी नदीच्या काठी आहे. बंगाली लोक त्यास श्रीरामपूर म्हणतात, आपल्याकडील श्रीरामपूर निराळे. त्या काळी तेथे डेन्मार्कच्या राजाचा अंमल होता, त्यामुळे कंपनीस तेथील मिशनऱ्यांना हाकलता येत नव्हते. तेथे त्यांना दोन सोबती मिळाले, शिक्षक जोशुआ मार्शमन आणि छापखान्याचे काम जाणणारे विल्यम वॉर्ड. ही तिन्ही कुटुंबे एका पंगतीस जेवत आणि सर्वांची मिळकत एका पेटीत पडे.

त्याच वर्षाच्या अखेरीस कृष्ण पाल नावाच्या एका सुताराचा खांदा निखळला. डॉक्टर टॉमस ह्यांनी तो बसविला, आणि त्याबरोबर आत्म्याच्या दुखण्यावरील औषधही सांगितले. कृष्णाने ते ऐकिले, पुन्हा पुन्हा येऊन विचारले. २२ डिसेंबर रोजी त्याने मिशनऱ्यांच्या पंगतीस बसून उघड जेवण केले आणि जातीचे बंधन तोडले. गावात मोठा गोंगाट झाला. लोकांनी त्यास डॅनिश अधिकाऱ्यापुढे ओढून नेले, परंतु त्याने त्यास सोडून दिले. २८ डिसेंबर १८०० रोजी रविवारी केरी एका बाजूस आपला मुलगा फेलिक्स आणि दुसऱ्या बाजूस कृष्ण पाल ह्यांना घेऊन नदीवर गेले आणि दोघांस बाप्तिस्मा दिला. त्याच वेळी डॉरथी आपल्या खोलीत बंद होती, आणि पुष्कळ वर्षे ह्या दिवसाची वाट पाहणारे डॉक्टर टॉमस अति आनंदाने मनाचा तोल जाऊन दुसऱ्या घरात बंद होते. देव आपल्या सेवकांस आनंद देतो तो पुष्कळदा दुःखाच्या पेल्यात ओतून देतो.

कृष्ण पालाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण तो आपल्यासारखाच होता. तो विद्वान नव्हता, सुतारकाम करून पोट भरणारा होता. त्याने आपल्या घरासमोर प्रार्थनेसाठी जागा बांधिली, बंगाली गीते रचिली, कलकत्त्यात आणि दूर सिल्हट प्रांतापर्यंत जाऊन उपदेश केला. १८२२ मध्ये पटकीच्या रोगाने मरेपर्यंत, वीस वर्षांवर, तो प्रभूला चिकटून राहिला. केरींच्या सात कोरड्या वर्षांनंतर जे पहिले फळ आले ते असे टिकाऊ होते.

१८०१ मध्ये बंगाली नवा करार छापून झाला. त्याच वर्षी कंपनी सरकारने आपल्या तरुण अधिकाऱ्यांस देशी भाषा शिकविण्यासाठी काढिलेल्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरींना शिक्षक नेमिले. ज्या सरकारने त्यांना जहाजावरून उतरविले होते, त्याच सरकारला आता त्यांची गरज पडली. पगार प्रथम महिना पाचशे रुपये होता, पुढे तो हजार रुपयांपर्यंत गेला. त्या काळी हजार रुपयांत मनुष्य नबाबासारखा राहता. केरींनी आपल्या कुटुंबाच्या साध्या निर्वाहापुरती थोडी रक्कम ठेवून बाकी सारी छापखाना, शाळा आणि भाषांतर ह्यांच्या पेटीत टाकिली. जुन्या खोट्या शिलिंगाची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.

आपल्या मराठी मंडळ्यांचा केरींशी संबंध येथेच येतो. कॉलेजात ते मराठीही शिकवीत. नागपुराकडचे वैजनाथ शर्मा नावाचे पंडित त्यांचे साह्यकारी होते. १८०५ मध्ये केरींचे मराठी व्याकरण निघाले आणि मत्तयकृत शुभवर्तमान छापले. १८१० मध्ये मोडी अक्षरांत मराठी कोश निघाला, आणि १८११ मध्ये मराठी नवा करार. महाराष्ट्रात पाऊल न ठेविता, बंगालच्या एका नदीकाठी बसून ह्या मनुष्याने आपल्या मायबोलीत प्रभूचे वचन उतरविले. हे खरे की ती भाषा मुंबई, कोकण आणि देश ह्या भागांतील लोकांस नीट उमजेना. १८१३ मध्ये मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना नव्याने भाषांतर करावे लागले, आणि त्यांचा नवा करार १८२६ मध्ये पुरा छापून झाला. सेरामपूरची मराठी प्रत मागे पडली. ती आज आपल्या घरांत कोणी वाचीत नाही. मग ते श्रम वाया गेले काय? शेतकऱ्याला विचारा. पहिली नांगरट जो करितो तो पीक पाहतोच असे नाही. परंतु नांगरटीवाचून कोणाचेच पीक येत नाही.

११ मार्च १८१२ रोजी संध्याकाळी सेरामपूरच्या छापखान्यास आग लागली. केरी कॉलेजाच्या कामासाठी कलकत्त्यास होते. वॉर्ड, मार्शमन आणि कामगारांनी रात्रभर धडपड केली, तरी इमारतीचे छप्पर कोसळले. दुसऱ्या दिवशी मार्शमन ह्यांनी कलकत्त्यास जाऊन केरींना बातमी सांगितली. कागदाचे साठे जळाले, अनेक लिप्यांचे खिळे वितळून गेले, आणि ह्याहून वाईट म्हणजे हस्तलिखिते गेली. कानडी नवा करार, संस्कृत भाषांतराचा भाग, तेलुगू व पंजाबी व्याकरणे, आणि ज्या मोठ्या कोशात पूर्वेकडील अनेक भाषा एकत्र केल्या जात होत्या त्याची कित्येक वर्षांची मेहनत एका रात्रीत राख झाली. नुकसान सुमारे सत्तर हजार रुपयांचे झाले. परंतु पैसा मोजता येतो. पहाटे उठून दिव्याजवळ घालविलेली वर्षे कोण मोजणार?

केरी धुमसत्या ढिगाऱ्यांतून फिरले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. तरी त्यांनी देवाविरुद्ध कुरकुर केली नाही. पुढच्या रविवारी त्यांनी शेहेचाळिसाव्या स्तोत्रावर उपदेश केला आणि दोन गोष्टी मांडिल्या: देव आपला धनी आहे म्हणून जे त्याचे ते त्याने न्यावे, आणि आपण चाकर आहो म्हणून आपण शांत राहून त्याच्या अधीन व्हावे. ढिगाऱ्यात छापयंत्रे सुरक्षित सापडली, आणि खिळे ओतण्याचे हजारो ठसे व साचे राखेखाली शाबूत मिळाले. हे ठसे पंचानन कर्मकार आणि त्याचा जावई मनोहर ह्या देशी कारागिरांनी वर्षानुवर्षे कोरले होते. वितळलेला धातू गोळा करून काही दिवसांतच पुन्हा खिळे ओतण्यास आरंभ झाला. बातमी इंग्लंडास पोहोचताच तेथील व स्कॉटलंडातील मंडळ्यांनी थोड्याच आठवड्यांत सारी नुकसानी भरून काढिली. केरी आपल्या मेजाजवळ बसले आणि जळलेले भाषांतर पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहू लागले. एकदा तुडविलेली वाट दुसऱ्यांदा चालताना सोपी वाटते, अशा अर्थाचे त्यांनी मित्रांस लिहिले.

आपल्या पुतण्यास त्यांनी एकदा सांगितले होते की माझे चरित्र कोणी लिहिले आणि मला नेटाने रेटत राहता येते एवढे श्रेय दिले, तर ते न्यायाचे होईल. त्याहून अधिक सारे जास्तीचे होईल. बुद्धीचे किंवा भाषाज्ञानाचे श्रेय त्यांनी मागितले नाही. एकदा हाती घेतलेले काम मी सोडले नाही, एवढेच.

पुढील वर्षांत सेरामपूरहून पूर्वेकडील सुमारे चाळीस भाषांत शास्त्र, सबंध किंवा काही भाग, छापून निघाले. १८१८ मध्ये सेरामपूर कॉलेज स्थापिले गेले. ते आजही चालू आहे आणि अनेक पाळकांस तेथून ईश्वरविज्ञानाच्या पदव्या मिळतात. विधवांस नवऱ्याच्या चितेवर जाळण्याची चाल बंद करावी म्हणून केरी पुष्कळ वर्षे झटत होते. डिसेंबर १८२९ मध्ये गव्हर्नर जनरल बेंटिंक ह्यांनी ती चाल बंद करणारा कायदा केला आणि तो बंगालीत उतरविण्यासाठी केरींकडे पाठविला. तो दिवस रविवारचा होता आणि त्यांना उपदेश करावयाचा होता. एका तासाच्या उशिरानेही कोठे एखादी बाई जळेल, हे जाणून त्यांनी उपदेश दुसऱ्यावर सोपविला आणि दिवस मावळण्याआधी भाषांतर पुरे केले. उपासनेविषयी इतका काटेकोर मनुष्य त्या दिवशी देवळात गेला नाही, आणि तरी ती त्याच्या आयुष्यातील एक श्रेष्ठ उपासना होती.

म्हातारपणी सुख मिळाले असे नाही. १८२३ मध्ये होडीतून उतरताना पडून त्यांच्या कमरेस मोठी दुखापत झाली, आणि त्याच सुमारास नदीला पूर येऊन त्यांची प्रिय बाग वाहून गेली. नव्याने आलेल्या तरुण मिशनऱ्यांशी आणि इंग्लंडातील संस्थेशी मालमत्तेच्या कारभारावरून तंटा लागला. दोष अमक्याचाच असे म्हणता येत नाही, परंतु शेवटी १८२७ मध्ये सेरामपूरचा संस्थेशी संबंध तुटला. ज्या संस्थेचा पाया केरींनी घातला तिच्यातील लोकांनी त्यांच्या सचोटीविषयी शंका घ्यावी, ह्यासारखे दुःख नाही. १८३० नंतर कलकत्त्यातील मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या आणि कॉलेजाचा पैसा गेला. केरींचा पगारही कमी झाला. तरी १८३२ मध्ये बंगाली शास्त्राची शेवटची सुधारलेली आवृत्ती त्यांनी हातावेगळी केली. ९ जून १८३४ रोजी सेरामपूर येथे बहात्तर वर्षांचे होऊन ते प्रभूमध्ये निजले. मरणापूर्वी भेटीस आलेल्या एका तरुण मिशनऱ्यास त्यांनी विनविले होते की मी गेल्यावर केरीविषयी बोलू नये, केरीच्या तारणाऱ्याविषयी बोलावे. आपल्या थडग्यावर स्तुतीचा एकही शब्द कोरू नये असेही त्यांनी सांगून ठेविले होते.

बंधुभगिनींनो, हे चरित्र वाचून कोणी म्हणेल की केरी थोर होते, मी एक साधा मनुष्य. मला चाळीस भाषा येत नाहीत. त्याने केरींच्या बहिणीची गोष्ट ऐकावी. तिचे नाव मेरी. घरी तिला पॉली म्हणत. ती तरुणपणीच आजारी पडून सुमारे पन्नास वर्षे अंथरुणाला खिळून राहिली. पुढे तिची वाचाही बहुतेक गेली. हिंदुस्थानातून भाऊ पत्रे लिही. सेरामपूरला काय चालले आहे, कोणत्या भाषेचे काम अडले आहे, हे सारे तिला कळवी. आणि ती इंग्लंडातील एका खोलीत पडल्या पडल्या त्या एकेका गोष्टीसाठी रोज प्रार्थना करी. तिने एक ओळही भाषांतर केले नाही. आता सांगा, धन्याच्या हिशेबात भाऊ मोठा की बहीण?

आपल्या गावात जी म्हातारी बाई रविवारी सर्वांच्या आधी येऊन देऊळ झाडते, जो शेतमजूर दुष्काळाच्या वर्षातही आपल्या मुठीतले धान्य अर्पणाच्या पाटीत टाकतो, जी सून सासरच्यांचे टोमणे सोसून रात्री मुलांस प्रार्थना शिकविते, जो उपदेशक दोन कुटुंबांसाठी दहा वर्षे चिखल तुडवितो, त्यांची नावे कोणत्याही पुस्तकात येणार नाहीत. त्यांच्या कामाला एखादे वेळी आग लागेल. एखादे वेळी दुसरा येऊन तेच काम अधिक चांगले करील. त्याने भिऊ नये. पौलाने करिंथच्या मंडळीस लिहिले की कारभाऱ्याच्या ठायी विश्वासूपणा पाहिला जातो. फळ देणे हे देवाचे काम. रेटत राहणे हे आपले.

देवबाप आपणा सर्वांस, लहानशा शिलिंगाविषयी आणि मोठ्या आगीविषयी सारखेच विश्वासू राहण्याची कृपा देवो.